मी मागनं बसतो

लग्नानंतर चार वर्षं मी माझ्या सासऱ्यांना जेवताना पाहिलं नव्हतं. ते जेवत नसत असं नाही. डब्यातल्या भाकऱ्या कमी झालेल्या दिसत, घासलेलं ताट पालथं घातलेलं दिसे, मागच्या दाराशी चूळ भरल्याचा आवाज येई. पण आबा घास तोंडात घालताहेत हे दृश्य घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मुलानंही नाही.

एरवी ते सतत समोर असत. आम्ही जेवायला बसलो की फ्रिजला पाठ टेकून उभे राहत. खांद्यावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन, हात पोटापाशी एकावर एक, आणि नजर आमच्या ताटांवर. वाटी अर्धी झाली की पळी आलीच. पाणी दोन घोट कमी झालं की तांब्या आलाच. नवी नवी होते तेव्हा मला घास गिळवत नसे. "आबा, बसा ना तुम्ही पण," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं.

"तुमी घ्या. मी मागनं बसतो."

आबांनी बत्तीस वर्षं माथेरानच्या एका हॉटेलात स्वयंपाक केला. हॉटेल सुटलं, पण भाषा सुटली नाही. घरात चार माणसं आली की ती 'पार्टी'. उरलेली भाजी म्हणजे 'रिटर्न'. आम्ही दोघं कामावर गेलो आणि घर रिकामं झालं की 'ऑफ सीझन'. सकाळी मी केस विंचरत असताना ते दाराबाहेरून विचारत, "दुपारचा मेनू काय ठरला?" मेनू मी काय ठरवणार? मी खोपोलीजवळच्या एका शाळेत शिकवते, आणि माझी पोळी वर्गात नकाशा म्हणून लावण्यासारखी असते. आबा माझ्या पोळीकडे पाहत, काही बोलत नसत, आणि तिचे तुकडे करून फोडणीला टाकत.

काकडी नुसती चिरणं त्यांना मान्य नव्हतं. तिला आधी काट्यानं रेघा पाडायच्या, मग चकत्या. टोमॅटोची साल एका दमात सोलून त्याचं गुलाबाचं फूल करायचं. आमच्या घरी साध्या वरणभाताच्या ताटातही एक गुलाब असे, आणि तो खायचा की बाजूला ठेवायचा हे मला कधी कळलं नाही.

माझे वडील पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मोठाच पेच पडला. वडील जुन्या वळणाचे. व्याही शेजारी बसल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, असं त्यांचं मत. आबा फ्रिजपाशी उभे.

"बसा की, व्याही," वडील म्हणाले.

"तुमी घ्या. मी मागनं बसतो."

"तुम्ही बसल्याशिवाय मी घेणार नाही."

"गरम हाय तवर घ्या."

"घेतो की. तुम्ही बसा."

असं पंधरा-वीस मिनिटं चाललं. वरणावर साय धरली. माझ्या आईनं मला दोनदा चिमटा काढला. शेवटी आबांनी ताट घेतलं आणि खाली बसले. वडिलांनी समाधानानं पहिला घास घेतला. आबांनी वरणभात कालवायला घेतला. वडिलांचं जेवण संपेपर्यंत आबा तो भात कालवत होते. इतक्या निगुतीनं कालवलेला भात मी आजवर पाहिलेला नाही. घास मात्र एकही घेतला नाही. वडील हात धुवायला उठले तसे आबाही उठले, आणि ताट झाकून मागच्या दाराकडे गेले. "हा माणूस फारच सावकाश जेवतो," असं वडील जाताना म्हणाले.

माझ्या नवऱ्याला, महेशला, यात हसण्यासारखं काही दिसत नसे. तो वडिलांशी कामापुरतं बोले. मोटर लावली का, औषध घेतलं का. सासूबाई गेल्यावर तर तेही कमी झालं. आमच्या लग्नानंतर वर्षभरात त्या गेल्या. त्या होत्या तोवर रोज रात्री एक ताट वाढून मागच्या दारापाशी झाकून ठेवत आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत. मला ते नवरा-बायकोचं भांडण वाटायचं. पण भांडणारी माणसं कधीतरी बोलतात. हे दोघं तेवढंही बोलत नसत.

"माझा बाप पावसाळी होता," महेश मला एकदा म्हणाला होता. पावसाळ्यात माथेरानची हॉटेलं बंद होत, तेव्हाच आबा घरी येत. "तीन महिने यायचे. तेव्हाही आम्हाला वाढून मागे जायचे. लोकांना बत्तीस वर्षं वाढलं, आमच्याबरोबर एक दिवस बसले नाहीत. मला एक घास भरवल्याचं आठवत नाही."

मग तनू झाली.

तनूला आबांनी पहिल्या दिवसापासून 'मॅडम' केलं. मॅडम उठल्या. मॅडमची आंघोळीची वेळ झाली. दुपटं ओलं झालं की, "सूनबाय, मॅडमची रूम साफ करायला घ्या." माझी रजा संपली तेव्हा दिवसभर तिला कोण सांभाळणार याची चर्चा आम्ही दोघं आठवडाभर करत होतो. आबांनी ती फ्रिजपाशी उभं राहून ऐकली आणि शेवटी म्हणाले, "मी काय घरात नसतो का?"

रविवारी आम्ही बाहेर पडू लागलो. महेशनं जुनी व्हॅन घेतली होती आणि तनूला हवा लागली पाहिजे असं मला वाटे. आबा पहाटे उठून स्वयंपाकाला लागत. तिघांसाठी आणि एका दूध पिणाऱ्या बाळासाठी ते जेवढं बांधून घेत, तेवढ्यात एखादं वऱ्हाड जेवलं असतं. जाऊ तिथं ते सतरंजी घालत, कोपऱ्यांवर दगड ठेवत, वाढत, उभं राहून वाट पाहत. आणि आमचं आटोपलं की म्हणत, "जरा गाडी बघून येतो."

गाडीला काही झालेलं नसे. ते व्हॅनच्या पलीकडे उकिडवे बसून जेवत. पाच मिनिटांत परत येत, मिशा पुसलेल्या. तेवढा वेळ महेश दुसरीकडे पाहत राही. खरं सांगायचं तर त्या सहलींपेक्षा घरी बसलेलं बरं होतं.

तनू सहा महिन्यांची झाली आणि तिचं उष्टावण झालं. माझ्या भावानं, तिच्या मामानं, चांदीच्या वाटीतून खीर भरवली आणि तिनं ती त्याच्या नव्या शर्टावर परत केली. सगळे हसले. पुढचे दोन महिने मात्र हसण्यासारखे नव्हते. तनू काही खाईना. मऊ भात, मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, उकडलेला लाल भोपळा, काही म्हणजे काही नाही. चमचा दिसला की ओठ घट्ट. जबरदस्ती केली की उलटी. मी शाळेतून येऊन पाजत होते, तेवढ्यावर ती राहत होती. तिची मनगटं मला दिवसेंदिवस बारीक वाटू लागली. डॉक्टरांकडे दोन महिने लागोपाठ वजन केलं, आणि काटा होता तिथंच.

आबांनी त्यांची सगळी विद्या पणाला लावली. भाताच्या मुदीवर गाजराची चांदणी. भोपळ्याच्या वाटीशेजारी टोमॅटोचा गुलाब. तनूनं गुलाब हातात घेतला आणि चुरगळून फेकून दिला. मी संध्याकाळी घरी आले की ते दारातच हिशोब दिल्यासारखं सांगत, "आज येक चमचा गेला. अर्धा भायेर आला." सांगताना माझ्याकडे पाहत नसत. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातचं ताट कुणी परत पाठवलं नव्हतं, असं ते एकदा म्हणाले. हे बोलताना त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मला त्यांनाच धीर द्यावा लागला.

तिसऱ्या महिन्यात कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारलं, "हिला भरवताना समोर कोण जेवतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"एकटीला बसवून भरवता ना? नका असं करू. तिच्यासमोर कुणीतरी जेवायला बसा. रोज, तिच्या वेळेला. माणसं जेवताना बघूनच ती शिकतात."

आबा कोपऱ्यात दुपट्याची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

मी आठला जाणार, महेश त्याआधीच जाणार. तनूच्या दुपारच्या जेवणाला घरात एकच माणूस. घरी येताना व्हॅनमध्ये हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. महेश आरशातून मागे पाहत म्हणाला, "जमणार नसेल तर सांगा, आबा. पाळणाघर बघू."

"जमवतो," आबा म्हणाले.

त्यांनी काय काय जमवलं ते मला नंतर शेजारच्या सुमनकाकूंकडून कळलं. आधी त्यांनी काकूंनाच जेवायला बोलावलं. काकू तनूसमोर बसून दोन दिवस भरपेट जेवल्या, आबा नॅपकिन टाकून उभे. तिसऱ्या दिवशी काकूंचं पित्त उसळलं आणि त्यांनी हात जोडले. मग आबांनी तनूला कपाटाच्या आरशासमोर बसवून पाहिलं. ती आरशातल्या बाळाला हात लावत बसली. मग त्यांनी रिकामी वाटी घेतली आणि रिकामा चमचा तोंडात घालून चावल्यासारखं करू लागले. तनू थोडा वेळ पाहत राहिली. मग सरकत पुढे आली, आबांच्या तोंडात बोट घातलं, आत काही नाही हे तपासलं आणि मोठ्यानं रडायला लागली.

"तुमचं सासरं त्या दिवशी मागच्या दारात बसून व्हतं किती येळ," सुमनकाकू म्हणाल्या. "मी हाक मारली तर ओ दिली नाय."

त्यानंतर आठवड्यानं शाळेची पाण्याची मोटर बिघडली आणि आम्हाला अर्ध्या दिवसात सोडलं. मी घरी आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पुढचं दार नुसतं लोटलेलं. आतून काही आवाज नाही. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि तिथंच थांबले.

आबा माझ्याकडे पाठ करून जमिनीवर बसले होते. समोर तनू, उशीला टेकवून, पंच्यानं बांधलेली. आबांच्या मांडीवर ताट होतं. डावा हात त्यांनी ताटाभोवती धरला होता, खांदे वर ओढलेले, मान खाली. चोरून खाणारा माणूस जसा बसेल तसे ते बसले होते. घास घेतला की क्षणभर थांबत, कानोसा घेतल्यासारखे. मग तनूकडे तोंड करून सावकाश चावत, आ करून तिला आतला घास दाखवत. तनू सगळी पुढे झुकली होती. तिचं तोंड उघडं होतं. आबांनी बोटभर भात तिच्या तोंडात ठेवला आणि तिनं तो गिळला. मग आपल्या मुठीतली चार शितं तिनं आबांच्या ओठांना लावली. त्यांनी ती खाल्ली.

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. अंगणात पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले. ऊन होतं. मागच्या दाराशी चूळ भरल्याचा आवाज आला तेव्हा उठले.

आबा बाहेर आले. खांद्यावर नॅपकिन.

"कवा आलीस, बाय?"

"आत्ताच."

"ताट काढू?"

"काढा."

मी जेवले. ते फ्रिजला पाठ टेकून उभे होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तनूच्या खिमटीसाठी तांदूळ आणि मूग निवडत होते. आबा शेजारी येऊन बसले आणि खडे वेचू लागले. मूठभर निवडून झाल्यावर म्हणाले, "काल तू बघितलंस."

मी ताटली त्यांच्याकडे सरकवली.

"म्हेशाची आई येकदा वर आली व्हती," ते म्हणाले. "म्हेश दोन-अडीच वरसाचा आसल. भर सीझन. दस्तुरीपासनं, गाडी थांबती तिथनं, पोराला कडेवर घेऊन चालत आली. डबा घेऊन. म्हनली, पोराला बापाबरोबर जेवायचंय. आमी किचनच्या मागं पायरीवर बसलो, तिघं. तो माझ्या मांडीवर. माझ्या हातनं खात व्हता."

ते ताटलीतला एक खडा बोटानं फिरवत राहिले.

"मॅनेजर आला. मानूस वाईट नव्हता. म्हनला, गणपत, वरच्या गॅलरीतनं पार्टीला दिसतंय. तक्रार आली तर मला ऐकावं लागंल. आत जाऊन बसा. आत म्हंजे कोळशाची खोली. मी उठलो. पोराला खाली ठेवलं, ताट उचललं. त्याला वाटलं, बापानं आपल्या म्होरचं ताट काढून घेतलं. लई रडला गं. हिचं तोंड एवढंसं झालं. म्हनली, आमी जातो. तशीच उतरली, पोराला घेऊन. दोघं उपाशी."

"मग?"

"मंग काय. परत नाय आली कवा. मी पन ये म्हनलो नाय." त्यांनी खडा बाजूला ठेवला. "तवापासनं घास उचलला की मागनं कोनतरी आलंय असं वाटतं. आता उठ म्हनंल. इथं घरात कोन म्हननार? पन वाटतं. पयल्यांदा ती थांबायची जेवायला. नंतर नाय थांबली."

"महेशला सांगितलंत कधी?"

"काय सांगू? तुझं ताट काढलं म्हनून सांगू?"

ते उठले आणि तनूला पाहायला गेले.

मी रात्री महेशला सांगितलं. तो ऐकत होता की नाही ते कळेना. शेवटी इतकंच म्हणाला, "मला यातलं काही आठवत नाही." मग उठून अंगणात गेला आणि बराच वेळ तिथं उभा राहिला. पुढचे चार दिवस तो आणखीच गप्प होता. मला वाटलं, सांगायला नको होतं. आबांनी विश्वासानं सांगितलेलं मी बोलून बसले आणि त्यातून निघालं काहीच नाही.

शनिवारी संध्याकाळी तो आबांना म्हणाला, "उद्या कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाऊ. नदीला पाणी आहे अजून."

आबांनी मान हलवली आणि तांदूळ भिजत घातले.

आम्ही लेण्यांपर्यंत चढलो नाही. तनूला घेऊन ते जमलंही नसतं. पायथ्याच्या अलीकडेच नदीकाठी एक सपाट खडक होता, त्यावर सतरंजी घातली. थंडीचे दिवस होते, आभाळ राखाडी, आणि आमच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. आबांनी वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, लिंबू, भात. तनूची वाटी वेगळी. आमची ताटं भरून झाल्यावर ते उभे राहिले.

"तुमी घ्या," ते म्हणाले. "मी जरा गाडी..."

"गाडी जागेवर आहे," महेश म्हणाला. तो खडकाकडे पाहत बोलत होता. "तनूची जेवायची वेळ झाली. तुम्ही तिला घेऊन बसा. तुमचंही वाढून घ्या."

आबा हलले नाहीत.

महेशनं आपलं ताट उचललं. उठून खडकाच्या पार टोकाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून, डोंगराकडे तोंड करून बसला. मला म्हणाला, "तूही ये इकडं." मी माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग तो मागे न वळता म्हणाला, "बसा, आबा. आमी नाय बघत."

हे तो गावच्या बोलीत बोलला. माझ्याशी लग्न झाल्यापासून मी त्याला घरात तसं बोलताना ऐकलं नव्हतं.

मागे कितीतरी वेळ काहीच झालं नाही. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मला मागे वळून पाहावंसं वाटत होतं आणि मी भाकरीकडे पाहत होते. मग डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. ताटावर पळी टेकल्याचा. आबा खाली बसताना नेहमी गुडघ्यावर हात ठेवून श्वास सोडतात, तोही ऐकू आला.

"आ कर," आबांचा आवाज आला. "आसं. आता माझा."

तनू काहीतरी बोलली, तिच्या भाषेत.

"तिखट हाय गं ते. तुझं नाय. हे घे."

महेश समोर पाहत होता. त्यानं एक घास घेतला आणि तो किती तरी वेळ चावत राहिला. त्याचे डोळे भरले होते, ते त्यानं पुसले नाहीत, कारण पुसायला हात वर केला असता तर मागून दिसला असता. भात गार होत गेला. आम्ही तो शीत शीत करून खाल्ला, तरी शेवटी संपलाच.

मागे अजून चाललं होतं. एरवी पाच मिनिटांत जेवून येणारा माणूस त्या दिवशी घाई करत नव्हता. मधेच आबा हसल्याचा आवाज आला. ते हसले की कसा आवाज येतो हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि महेशच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यालाही नसावं.

ऊन आलं, परत गेलं. मी हळूच म्हटलं, "हात धुऊया?"

"थांब," महेश म्हणाला. "त्यांचं होऊ दे."

बोटांना लागलेलं बिरडं सुकून कडक झालं होतं. आम्ही रिकामी ताटं मांडीवर धरून, वाळलेल्या हातांनी, डोंगराकडे पाहत बसून राहिलो.